अर्ध्या माणसाची मोजदाद

जून २०१७ मध्ये जपानच्या केंद्र सरकारनं आपल्या मंत्रालयांत आणि कचेऱ्यांत किती दिव्यांग कर्मचारी आहेत, याचा आकडा काढला. तो निघाला ६,८६७.५. शेवटचा तो अर्धा माणूस बघून हसू येतं, पण ती छपाईची चूक नव्हती. जपानी कायद्यानुसार तीव्र अपंगत्व असलेला पूर्णवेळ कर्मचारी मोजणीत दोन धरला जातो आणि ठरावीक कमी तास काम करणारा अर्धा. त्यामुळे बेरजेत असा अर्धा माणूस येतो. एवढ्या काटेकोर हिशेबात लबाडीला जागा कुठली, असं कुणालाही वाटेल.

कायद्यानं सरकारी खात्यांसाठी तेव्हा २.३ टक्के प्रमाण ठरवलं होतं. सरकारनं दाखवलं २.४९ टक्के. म्हणजे पास, तेही काठावर नव्हे. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारलाच कबूल करावं लागलं की ३३ पैकी २७ कचेऱ्यांनी मिळून ३,४६० जणांना नियमबाह्य रीतीनं दिव्यांग धरलं होतं. खरं प्रमाण १.१९ टक्के, निम्म्याहूनही कमी. नंतर बाहेरच्या जाणकारांच्या समितीनं पुन्हा तपासलं, तेव्हा फुगवटा ३,७०० वर गेला आणि कचेऱ्या २८ झाल्या.

हे कसं केलं असेल? चष्मा काढून. डोळ्यांचं अपंगत्व मोजताना चष्मा लावल्यावर किती दिसतं ते बघायचं असतं. काही कचेऱ्यांनी बिनचष्म्याची नजर धरली. म्हणजे जाड भिंगाचा चष्मा लावून रोज फायली वाचणारा कारकून दिव्यांग म्हणून यादीत. अपंगत्वाचा दाखला तपासणं नियमानं बंधनकारक होतं, तो कुणी मागितलाच नाही. आधीच्या वर्षाची यादी तशीच पुढे ओढल्यामुळे निवृत्त झालेल्यांची, काही ठिकाणी तर मयत झालेल्यांचीही नावं तीत राहिली. सर्वांत मोठा फुगवटा राष्ट्रीय कर खात्यात सापडला, हजाराच्या वर. लोकांच्या कमाईतला येन अन् येन तपासणारं हे खातं!

याच सरकारच्या कायद्यानुसार शंभरांहून अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी कंपनीनं प्रमाण पाळलं नाही, तर कमी पडणाऱ्या प्रत्येक माणसामागे दरमहा ५०,००० येन भरावे लागतात. सरकारी खात्यांना हा भुर्दंड नव्हता. दुकानदाराच्या तागडीवर वजनमाप निरीक्षकाचा शिक्का असतो. इथे दुकानदार, तागडी आणि निरीक्षक तिघंही एकाच घरातले. पितळ उघडं पडल्यावर सरकारनं २०१९ च्या फेब्रुवारीत दिव्यांगांसाठी खास परीक्षा घेतली. ८,७०० वर अर्ज आले, त्यांतून ७५४ जणांची निवड झाली. ‘लायक माणसं मिळत नाहीत’ या सबबीचा निकाल त्या अर्जांच्या गठ्ठ्यानंच लावला.

जपानमधली चोरी पकडता आली, कारण नियम स्पष्ट होता आणि तो मोडला गेला होता. कुणीही खोटं न बोलता, एकही दाखला बनावट न करता सरकारची प्रगती फुगू शकते का? त्यासाठी ब्रिटनकडे जाऊ.

तिथे २०१५ च्या निवडणुकीत हुजूर पक्षानं जाहीरनाम्यात लिहिलं की दिव्यांग आणि इतर यांच्या रोजगाराच्या प्रमाणातली तफावत आम्ही निम्म्यावर आणू. त्या काळात ही तफावत साधारण ३३-३४ टक्क्यांची होती. म्हणजे काम करण्याच्या वयाच्या शंभर धडधाकट माणसांत ८० जणांना काम असेल, तर शंभर दिव्यांगांत ४६-४७ जणांना. ती निम्मी करायची तर सतराच्या आसपास आणायला हवी. वचन अवघड होतं आणि मोजायला सोपं. राजकारण्यांना अशा वचनांची धास्ती वाटते. दोनच वर्षांत, २०१७ मध्ये, लक्ष्य बदललं. आता ठरलं की नोकरीत असलेल्या दिव्यांगांची संख्या दहा वर्षांत दहा लाखांनी वाढवायची, ३५ लाखांवरून ४५ लाख.

तफावत हा दोन प्रमाणांतला फरक होता, तर दहा लाख ही नुसती संख्या. प्रमाणाला छेद असतो, संख्येला नसतो. आता ब्रिटनमध्ये दिव्यांग कोण, हे कसं ठरतं ते बघा. श्रमशक्तीच्या पाहणीत माणसाला विचारतात की बारा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेला, किंवा टिकेल असा, काही शारीरिक वा मानसिक आजार आहे का, आणि त्यामुळे रोजच्या व्यवहारात अडचण येते का. दोन्हींना ‘हो’ म्हणालं की तो दिव्यांग. दाखला नाही, टक्केवारी नाही. व्याख्या म्हणून ही चांगलीच आहे, आपल्याकडच्या ‘किमान चाळीस टक्के अपंगत्व’ या शिक्क्यापेक्षा माणुसकीची.

पण समजा, लीड्समधल्या एका विमा कंपनीत पंधरा वर्षं काम करणाऱ्या बाईंची पाठ धरली. किंवा त्यांना नैराश्य आलं आणि आता ते मोकळेपणानं सांगण्याइतकं वातावरण बदललंय. पाहणीत त्या ‘हो’ म्हणाल्या. नोकरी तीच, खुर्ची तीच. पण त्या दिवशी नोकरीतल्या दिव्यांगांची संख्या एकानं वाढली आणि सरकार लक्ष्याच्या एक पाऊल जवळ गेलं. सरकारनं केलं काय? काहीच नाही. एका दशकात ब्रिटनमध्ये स्वतःला दिव्यांग सांगणाऱ्यांचं प्रमाण, काम करण्याच्या वयाच्या लोकांत, सुमारे सहातल्या एकावरून पाचातल्या एकाच्याही पुढे गेलं, आणि मानसिक आजार सांगणाऱ्यांची त्यात मोठी भर होती.

दहा वर्षांचं लक्ष्य २०२२ मध्ये, म्हणजे पाच वर्षांत पुरं झालं. घोषणा झाल्या, पाठी थोपटल्या गेल्या. तफावत मात्र २०२२ च्या एप्रिल-जून तिमाहीत जवळपास ३० टक्के होती: दिव्यांगांत ५२.६ टक्के नोकरीत, इतरांत ८२.५. काहीच सुधारलं नाही असं नाही. तीन-चार टक्के कमी होणं ही हजारो घरांतली खरी कमाई आहे. पण सतरा कुठे आणि तीस कुठे! ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं २०१९ च्या मार्चमध्येच बजावलं होतं की हे लक्ष्य गाठलं म्हणून संबंधित खात्याचे प्रयत्न यशस्वी ठरले, असं म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या महालेखापालांसारखंच हे कार्यालय, आणि त्यांच्यासारखंच त्याचंही म्हणणं मान देऊन बाजूला ठेवलं जातं.

याच देशाकडे या बाबतीतला जुना धडा होता. दुसरं महायुद्ध संपण्याआधीच, १९४४ मध्ये, तिथे कायदा झाला: वीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकानं तीन टक्के जागा नोंदणीकृत अपंगांना द्याव्यात. लिफ्टवाला आणि मोटारतळावरचा राखणदार ही दोन कामं तर खास अपंगांसाठी राखून ठेवली. युद्धातून परतलेल्या जवानाला सरकारनं दाखवलेली क्षितिजं ती एवढीच. पुढे लोक नाव नोंदवेनासे झाले. शिक्का बसणार आणि त्या बदल्यात मिळणार लिफ्टचं बटण, तर कोण नोंदवील? नोंद इतकी आटली की देशातल्या एकूण एक मालकांनी मनापासून ठरवलं असतं, तरी प्रत्येकाचे तीन टक्के भरणं गणितानंच अशक्य झालं. तरीही कायदा अर्धशतक पुस्तकात राहिला. एवढ्या काळात खटले भरले गेले अवघे दहा. १९९५ च्या भेदभावविरोधी कायद्यानं शेवटी ती तरतूद मोडीत काढली.

योगायोग असा की त्याच १९९५ साली आपल्या संसदेनं अपंग व्यक्ती कायदा केला आणि त्यात तीन टक्के आरक्षण ठेवलं. एक टक्का अंध व अल्पदृष्टींना, एक कर्णबधिरांना, एक अस्थिव्यंग व मेंदूच्या पक्षाघातानं ग्रस्त असणाऱ्यांना. आपल्या सरकारला आकडा फुगवण्याची गरजच पडली नाही. आपल्याकडे खेळ झाला तो छेदाशी.

कायद्यात दोन कलमं शेजारी होती. एकानुसार दिव्यांगांना करता येतील अशी पदं निश्चित करायची, दुसऱ्यानुसार किमान तीन टक्के जागा राखायच्या. आता हे तीन टक्के कशाचे? समजा, एका खात्यात वरच्या श्रेणीच्या पाचशे जागा भरायच्या आहेत आणि त्यांतल्या शंभरच ‘निश्चित’ पदांच्या यादीत बसतात. पाचशेचे तीन टक्के म्हणजे पंधरा. शंभरचे तीन टक्के म्हणजे तीन. केंद्र सरकारच्या २००५ च्या परिपत्रकानं गट क आणि ड साठी सगळ्या रिक्त जागा धरल्या, पण गट अ आणि ब साठी फक्त निश्चित पदांच्या. शिपाई-कारकुनाच्या जागा मोजताना हात सैल सोडला आणि साहेबाच्या खुर्चीपाशी येताच मूठ आवळली. परिपत्रकाची भाषा मात्र अशी निर्विकार की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. गट अ मध्ये तीन टक्के भरले, असं संसदेत सांगितलं तर ते अक्षरशः खरं, आणि बारा माणसं घरी बसलेली.

त्यातही पदं निश्चित करणार कोण? सरकारच. यादी जितकी आखूड, तितकं उद्दिष्ट सोपं. पद निश्चित झालेलंच नाही तर आरक्षण कसलं, असाही युक्तिवाद सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात केला. सनदी सेवेच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या एका दृष्टिहीन तरुणाच्या प्रकरणात न्यायालयानं तो २०१० मध्ये फेटाळला: पदं निश्चित करायला सरकारनं उशीर केला म्हणून हक्क लांबणीवर पडत नाही. छेदाचा वाद संपायला आणखी तीन वर्षं गेली. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही दृष्टिहीनांची संघटना तो आधी दिल्ली उच्च न्यायालयात जिंकली होती. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की चारही गटांत हिशेब एकूण रिक्त जागांवर करायचा. कायदा अमलात आला १९९६ च्या फेब्रुवारीत. म्हणजे सतरा वर्षं वरच्या दोन गटांतलं गणित चुकीच्या छेदानं सुटत होतं, आणि त्याच उत्तराला प्रगती म्हटलं जात होतं.

२०१६ च्या नव्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि आरक्षण चार टक्क्यांवर नेलं. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांचा. निश्चित पदांची यादीही वाढली. २०२१ च्या जानेवारीतल्या यादीत ३,५६६ पदं आहेत, त्यांतली १,०४६ गट अ मधली. ही सुधारणा खरी आहे आणि ती संघटनांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवलेली आहे.

एखाद्या कचेरीत आस्थापना शाखेच्या टेबलावर बिंदुनामावलीचं रजिस्टर असतं. आरक्षणाचा सगळा संसार त्यात. शंभर बिंदूंचं एक चक्र, पंचवीस-पंचवीसचे चार गट, आणि केंद्राच्या नियमानुसार १, २६, ५१ आणि ७६ हे बिंदू दिव्यांगांचे. बिंदूसमोर पद कोणतं, ते कोणत्या प्रकारच्या अपंगत्वासाठी योग्य, नेमणूक कुणाची, आणि शेवटी शेरा. हा शेऱ्याचा रकाना सगळ्यांत वाचनीय. ‘पात्र उमेदवार उपलब्ध नाही’ हे चार शब्द तिथे पडले की जागा पुढच्या वर्षी जाते. याला अनुशेष म्हणतात. पुढच्या वर्षीही त्या प्रकारचा उमेदवार मिळाला नाही, तर आधी दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगाला द्यायची; तोही नसेल तर कायदाच मुभा देतो की जागा दिव्यांग नसलेल्याला देऊन टाका. मग अनुशेष शून्य! जागा भरून शून्य झाला की विरून, हे त्या शून्याकडे बघून कळत नाही. म्हणून एखाद्या खात्यानं ‘दिव्यांगांचा अनुशेष निरंक’ असं छातीठोकपणे कळवलं, की पहिला प्रश्न शेऱ्याच्या रकान्याबद्दल विचारावा.

उलट दिशेची गफलतही होते. सवलत न घेता खुल्या स्पर्धेत निवडलेला दिव्यांग उमेदवार राखीव जागेवर मोजायचा नाही, असा नियम आहे, आणि तो रास्त आहे. पण बातमीत ‘खात्यात इतके दिव्यांग’ असा ढोबळ आकडा आला की तो आणि राखीव जागेवर आलेला एकाच पोत्यात जातात, आणि आरक्षण पाळलं गेलं की नाही हे त्या पोत्याच्या वजनावरून सांगता येत नाही.

अर्थात सरकारी नोकरी हा या प्रश्नाचा लहानसा कोपरा झाला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच साली जगातलं प्रमाण सुमारे १५ टक्के सांगितलं. आपलं निघालं २.२१. आपण जगापेक्षा एवढे धट्टेकट्टे आहोत? जनगणनेच्या तक्त्यात नववा प्रश्न होता: ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का? प्रगणक म्हणजे बहुधा गावातलेच गुरुजी. ते ओटीवर बसून, शेजारच्या चार बायका ऐकत असताना हा प्रश्न विचारणार, आणि घरात लग्नाची मुलगी. थोरल्याला झटके येतात हे त्या माऊलीनं तिथे सांगावं, अशी अपेक्षाच चुकीची. ब्रिटनच्या पाहणीत दुखरी पाठही दिव्यांगांत येते. आपल्या जनगणनेत माजघरातला मुलगाही येत नाही. म्हणून दोन देशांची टक्केवारी शेजारी मांडून कोण पुढे, ते सांगू नये.

आता एक आकडा, जो पहिल्यांदा वाचताना सुखावतो. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी २०१८ च्या जुलै ते डिसेंबरात झाली. तिच्यानुसार पंधरा वर्षांवरच्या दिव्यांगांत बेकारीचं प्रमाण ४.२ टक्के. त्याच सुमाराच्या श्रमशक्ती पाहणीत देशातलं एकूण प्रमाण होतं ५.८. म्हणजे दिव्यांगांना इतरांपेक्षा सहज काम मिळतं की काय? कुठल्याही मंत्र्याला हा आकडा भाषणात घालता आला असता, आणि तो खोटाही ठरला नसता.

ग्यानबाची मेख पुन्हा छेदात आहे. बेकार म्हणजे काम नसलेला नव्हे; काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तोच बेकार. काम असलेले आणि असे बेकार मिळून श्रमशक्ती होते. दिव्यांगांत ही श्रमशक्ती होती २३.८ टक्के, देशाच्या एकूण पाहणीत पन्नासच्या आसपास. म्हणजे शंभरातले शहात्तर जण हिशेबाच्या बाहेर. ज्यानं दहा ठिकाणी विचारून अकराव्या ठिकाणी जाणं सोडलं, जिला गावातल्या एसटीच्या पायऱ्याच चढता येत नाहीत म्हणून तालुक्याच्या कामाचा विचारच केला नाही, ते या व्याख्येत बेकार नाहीत. निराशा वाढली की बेकारी कमी होते, असं हे यंत्र आहे. प्रत्यक्षात काम असलेले होते शंभरात २२.८. जनगणनेत मात्र सर्व वयांच्या दिव्यांगांत ३६ टक्के ‘काम करणारे’ होते. दोन्ही आकडे सरकारीच. ज्याला जो सोयीचा, तो त्यानं घ्यावा.

मोबाइल येण्याआधी रेल्वे स्थानकाबाहेर, बाजारपेठेत पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ असायचे. ते देताना दिव्यांगांना प्राधान्य होतं, आणि कुबड्या भिंतीला टेकवून मीटरकडे बघत बसलेले कितीतरी जण त्यावर घर चालवत होते. मोबाइल आला आणि ही सगळी कमाई काही वर्षांत नाहीशी झाली. ना ती कुठल्या बिंदुनामावलीत होती, ना कुठल्या अनुशेषात आली. आरक्षणाच्या तक्त्यांवरूनच प्रगती ठरवणाऱ्याला एवढी मोठी पडझड दिसलीच नसती.

मग मोजायचं काय? माझ्या मते भरतीपेक्षा टिकणं. सेवेत असताना अपघातानं किंवा आजारानं अपंगत्व आलं, तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, तेही नसेल तर त्याच्यासाठी जादा पद निर्माण करावं लागतं. १९९५ च्या कायद्यात हे होतं, २०१६ च्याही आहे. तरी पाय गमावलेल्या जवानापासून रंग ओळखता न येणाऱ्या एसटी चालकापर्यंत माणसं याच कलमासाठी न्यायालयात जात राहिली. किती जणांना पर्यायी काम दिलं आणि ते वर्षानंतर तिथेच आहेत का, हे खातेनिहाय छापलं तर भरतीच्या टक्केवारीपेक्षा जास्त कळेल. खासगी क्षेत्रात निदान सुरुवात झाली आहे: सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना आपल्याकडच्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची संख्या वार्षिक अहवालाबरोबर जाहीर करावी लागते. भागधारक असाल तर तुमच्या कंपनीचं ते पान उघडून बघा. बहुतेकांनी ते उघडलेलं नसतं.

आणि मोजायचा तो वेळ. २००८ च्या सनदी सेवा परीक्षेला बसलेला एक पूर्ण दृष्टिहीन उमेदवार लेखी परीक्षा आणि मुलाखत दोन्ही पार करून गेला, पण नेमणूक नाही. दृष्टिहीनांच्या अनुशेषातल्या जागा सरकारनं भरल्याच नव्हत्या. प्रशासकीय न्यायाधिकरण, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशी वाट तुडवून ८ जुलै २०२४ रोजी निकाल लागला: त्याचा आणि गुणवत्ता यादीत त्याच्या वर असलेल्या आणखी दहा दृष्टिहीन उमेदवारांचा अनुशेषाच्या जागांवर नेमणुकीसाठी विचार करा. या अकरांपैकी ज्यांची नेमणूक होईल, ते त्या वर्षीच्या तक्त्यात भरती म्हणून चढतील, आणि तक्ता म्हणेल की यंदा दृष्टिहीनांची संख्या वाढली.